पाहुण्याचा अर्थ

दुसऱ्यांचं लिखाण वर्षानुवर्षं संशयाने वाचत बसलं, की किस्से साचतातच. ठाण्याला आमच्या कचेरीचं कामच ते होतं. कोणी नाटक करो, कादंबरी छापो की कवितांचं चोपडं काढो, ते आधी आमच्या टेबलावर यायचं. त्यात सरकारविरुद्ध काही दडलंय का ते हुडकायचं आणि साहेबाला रिपोर्ट द्यायचा. पगार वाचण्याचा नव्हता, वास घेण्याचा होता! आता मी पेन्शनीत निघालो, साहेबही विलायतेला परत गेला, तेव्हा सांगायला हरकत नाही. तरी तेवढी खिडकी लावून घ्या. सवय आहे हो.

आम्ही तिघं होतो. हेड ट्रान्सलेटर गोविंदराव, त्यांच्या हाताखाली भिकाजीपंत आणि मी. गोविंदराव म्हणजे संशयाचा पुतळा! दूधवाला "आज दूध चांगलं आहे" म्हणाला तर ते विचारत, "म्हणजे काल काय होतं?" कामाला लागलो त्याच दिवशी त्यांनी मला चिमूटभर तपकीर ओढून उपदेश केला. "वामनराव, सरळ अर्थ म्हणजे पांघरूण. ओढून बघा, खाली कोणीतरी निजलेलं असतं."

* * *

एकदा अंगाईगीतांचं पुस्तक आलं. आई बाळाला म्हणते, झोप, नाहीतर बागुलबुवा येईल. मी बाजूला ठेवायला निघालो, तर गोविंदरावांनी हात धरला.

"बागुलबुवा कोण?"

"बागुलबुवाच की हो."

"सरकार! लिहा. आणि बाळ म्हणजे रयत."

"मग आई कोण?" भिकाजीपंतांनी विचारलं.

गोविंदराव अडले. तपकीर झाली, येरझाऱ्या झाल्या. शेवटी म्हणाले, "आई फितूर आहे. ती रयतेला निजवते आहे, म्हणजे सरकारच्याच बाजूची!"

पुस्तक पास झालं. 'राजनिष्ठ' असा शेराही मिळाला.

* * *

राक्षसाचं तर विचारूच नका. खाडीकाठच्या एका गावात दरवर्षी पौराणिक खेळ व्हायचा आणि राक्षसाचं तोंड लाल रंगवायचे, बापजाद्यांपासून. कोणीतरी कळवलं, की लाल तोंडाचा म्हणजे गोरा साहेब! झालं, आम्हाला हुकूम आला की रंग बदलायला लावा.

पहिल्यांदा निळा लावला. पुजारी भांडायला आले, की निळा रंग देवाचा. मग पिवळा फासला. पिवळा राक्षस गुहेतून बाहेर आला, तशी पुढे बसलेली एक म्हातारी कळवळून म्हणाली, "आगो, बिचाऱ्याला कावील झायली!"

त्या वर्षी राक्षस मेला तेव्हा बाया रडल्या. देवाला एक टाळी पडली नाही.

* * *

हसताय, पण पुढचं ऐका. एका कवीने पिंजऱ्यातल्या पोपटावर कविता लिहिली होती. भिकाजीपंत हुशार माणूस. त्यांनी साहेबासमोर झकास उलगडून सांगितलं. पिंजरा म्हणजे राज्य, पेरू म्हणजे नोकऱ्या, आणि पोपट म्हणजे आम्ही!

साहेबाने टाक खाली ठेवला. त्याचं मराठी पुस्तकी, पण स्वच्छ. "कवी म्हणतो, हा पोपट आहे. बाकीचा विचार कवीचा आहे की तुमचा?"

आठवड्याच्या आत भिकाजीपंतांची बदली भाईंदरच्या मिठागरांवर! पुढे एकदा भेटले, उन्हाने रापलेले. मी म्हटलं, "पंत, कसं काय?"

"उत्तम! इथे मीठ म्हणजे मीठच असतं."

कचेरीतली हवा मात्र त्या दिवसापासून पालटली. अर्थ सापडला नाही तर साहेब म्हणणार, काम करत नाही. सापडला तर म्हणणार, तुला सुचला कसा? आम्ही दोघं एकमेकांच्या कागदांकडे चोरून बघायला लागलो. मला वाटायचं, गोविंदराव माझ्यावर रिपोर्ट करतात. त्यांनाही माझ्याबद्दल तेच वाटत असणार.

* * *

आणि अशात कल्याणहून विसू मास्तरचं नाटक आलं.

विसू माझा शाळेतला जोडीदार. आम्ही एका बाकावर मार खाल्लेला. पुढे तो कल्याणातच मास्तर झाला, मी ठाण्याला बिऱ्हाड केलं, आणि जाणं-येणं राहूनच गेलं. त्याच्या शाळेला सरकारी ग्रँट. रिपोर्ट वाईट गेला तर नोकरी जाणार हे नक्की, आणि पुढचंही काही सांगता येत नव्हतं. किल्ल्यातला तुरुंग आमच्या खिडकीतूनच दिसायचा.

नाटक असं. भर दुपारी एक पाहुणा खांद्यावर तराजू टाकून येतो, घोटभर पाणी मागतो. पाणी पिऊन जेवायला बसतो. जेवून मुक्काम ठोकतो. दुसऱ्या अंकात उंदरांपासून राखतो म्हणून कोठीच्या किल्ल्या घेतो. तिसऱ्या अंकात तो झोपाळ्यावर, आणि घरमालक स्वतःच्या स्वयंपाकघरात जायला त्याची परवानगी मागतो! शेवटी मालक विचारतो, "पाहुणे, आपण निघणार कधी?" पाहुणा म्हणतो, "निघायचं कुठे? घर तर हेच!"

वाचता वाचता मला घाम फुटला. पाहुणा कोण ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी गोविंदरावांकडे पाहिलं. ते तपकिरीची डबी उघडत होते, मिटत होते.

साहेबाने दोघांनाही उभं केलं. "पाहुणा कोण?"

"पाहुणा म्हणजे पाहुणा, सर," मी म्हटलं.

"पाहुणाच, सर," गोविंदराव म्हणाले.

"मग लेखकाला बोलवा."

विसू आला. उपरण्याचं टोक मुठीत धरलेलं. साहेबाने तोच प्रश्न केला. विसू म्हणाला, "बायकोचे मामा, साहेब. गेल्या दिवाळीला आले, ते अजून हलले नाहीत."

साहेबाने आमच्याकडे वळून सांगितलं, "जाऊन पाहा."

मी म्हटलं, "उद्याच जातो." गोविंदरावांनी मान हलवली. "उद्या नको. चार दिवस जाऊ द्या. माणूस बेसावध सापडला पाहिजे."

मला त्यांचा असा राग आला म्हणता! विसूला पुरता अडकवायचा बेत दिसत होता.

* * *

चार दिवसांनी आम्ही आगगाडीने कल्याणला उतरलो. विसूच्या ओसरीवर झोपाळा, आणि झोपाळ्यावर साक्षात मामा! पोट सुटलेलं, शेंडी मोकळी, मांडीवर पानाचं तबक.

"पान संपलं गं!" ते आत ओरडले. मग गोविंदरावांवर नजर गेली. "हा कोण? उंबऱ्यात काय उभा राहिलास? बस खाली!"

मंडळी, ज्या गोविंदरावांना मामलेदार उठून खुर्ची द्यायचे, ते गुपचूप जमिनीवर बसले. मी तोंड फिरवून हसू दाबलं.

"आपला इथे मुक्काम किती दिवस?" गोविंदरावांनी विचारलं.

"तुला काय करायचंय? तुझं खातोय?"

परत येताना माझा जीव भांड्यात पडला होता. मी म्हटलं, "मामा खरा निघाला."

"खरा माणूस इतका अस्सल नसतो," गोविंदराव खिडकीबाहेर बघत म्हणाले. "माझा संशय जात नाही."

आणि साहेबालाही त्यांनी तेच सांगितलं! वर, "साहेबांनी स्वतः प्रयोग पाहावा." त्या दिवशी मी त्यांच्याशी एक अक्षर बोललो नाही. म्हातारा आता विसूला बुडवूनच राहणार, असं मी घरी बायकोलाही सांगितलं.

* * *

साहेबाला संध्याकाळची गाडी गाठायची होती, म्हणून प्रयोग दुपारीच लावला. देवळापुढे मांडव, पहिल्या रांगेत साहेबाची खुर्ची, मागे आम्ही. सगळं कल्याण लोटलेलं. पण हसायची कोणाची हिंमत नव्हती. लोक नाटक बघतच नव्हते, साहेबाची मान बघत होते. विसू पडद्याच्या फटीतून डोकावत होता, त्याचा एकच डोळा दिसायचा. तिसरा अंक आला, किल्ल्या वाजल्या, साहेबाची मान ताठ होत चालली.

"निघायचं कुठे? घर तर हेच!"

आणि तेवढ्यात मामा उठले!

"बंद करा! हे माझ्यावर रचलंय! भाचीच्या घरी चार घास काय खाल्ले, माझी सोंगं काढता?" हातातली छत्री त्यांनी भिरकावली, ती झोपाळ्याच्या कडीवर आपटली आणि तिचे तुकडे झाले.

साहेब आधी दचकला. मग त्याने मामांकडे बघितलं, स्टेजवरच्या पाहुण्याकडे बघितलं, आणि टोपी पडेपर्यंत हसला! त्याच्यामागून सगळा मांडव हसला. इतका वेळ कोंडलेलं हसू, ते थांबेचना.

नाटक पास झालं. विसूची नोकरी वाचली.

* * *

दुसऱ्या दिवशी साहेबाने स्वतःची छत्री माझ्या हाती दिली. मुठीवर कुत्र्याचं तोंड कोरलेली, विलायती. "मामांना द्या. त्यांची मोडली."

मी कल्याणला गेलो. झोपाळा रिकामा. वहिनी तांदूळ निवडत होत्या.

"वहिनी, मामा कुठे गेले?"

"कोणाचे मामा?" त्या बोलून गेल्या. मग सूप खाली ठेवलं. "भावजी, तुमच्यापासून काय लपवायचं? माझ्या आईला भाऊच नव्हता."

विसू आतून धावत आला, छत्री माझ्या हातातून घेतली आणि म्हणाला, "पोचवतो मी." पुढे मी काय विचारणार? साहेबाला सांगितलं, मामांना छत्री फार आवडली.

मग वैशाखात गोविंदरावांच्या नातवाची मुंज निघाली. कचेरीतला म्हणून मलाही बोलावणं होतं. ओसरीवर पाऊल टाकलं, तर झोपाळ्यावर एक म्हातारा. पोट सुटलेलं, शेंडी मोकळी, मांडीवर तबक. कोपऱ्यात छत्री टेकवलेली, मुठीवर कुत्र्याचं तोंड.

"पान संपलं रे, गोविंदा!" तो आत ओरडला.

गोविंदराव विड्याची पानं घेऊन लगबगीने बाहेर आले आणि मला बघून जागच्या जागी थबकले.

"आमचे थोरले बंधू," ते म्हणाले. "राजापूरकडे असतात."

मी म्हाताऱ्याकडे बघितलं. छत्रीकडे बघितलं. तोंड उघडलं.

गोविंदरावांनी चिमूटभर तपकीर ओढली.

"अर्थ काढू नका, वामनराव. म्हातारा म्हणजे म्हातारा."