चिंपांझींच्या रक्ताची पेटी घेऊन साउथहॅम्प्टनला

आफ्रिकेत गोरिला बघायला जायचं म्हणून हल्ली या प्रवास-सदराचे बरेच वाचक मला तयारी विचारतात. बूट कुठले, कॅमेरा कुठला, सगळं विचारतात. मलेरिया होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांचं कुणी विचारत नाही. म्हणून नव्वदच्या दशकातला हा प्रवास लिहितेय. जंगलाचा नाही, इंग्लंडातलाच.

शुक्रवारी सकाळी माझ्या मैत्रिणीचा, वसुधाचा साउथहॅम्प्टनहून फोन आला. तिचा नवरा अविनाश प्राण्यांचा डॉक्टर. मध्य आफ्रिकेत रानटी चिंपांझींच्या रक्तातला मलेरिया तपासून तो नुकताच परतला होता. ‘फ्लू आहे’ म्हणत त्याने आठवडाभर ताप अंगावर काढला आणि तो मलेरिया निघाला.

“मीना, इथले डॉक्टर विचारतायत, कुड इट बी फ्रॉम द चिम्प्स? त्याने आणलेल्या चिंपांझींच्या रक्ताच्या स्लाइड्स ब्रिस्टलच्या लॅबमध्ये आहेत. त्या घेऊन तू ये ना गं.”

मी बर्मिंगहॅमच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये डॉक्टर, मलेरियाच्या स्लाइड्स बघणं माझं नेहमीचं काम. माझ्या नवऱ्याने, श्रीकांतने, रजा टाकली आणि गाडी काढली.

एम-फाइव्ह मोटरवेवर रस्त्याची कामं चालू होती. वाटेतल्या सर्व्हिसेसच्या खाणावळीतले चिप्स गार आणि वर महाग, तेव्हा घरून पोळी-भाजी न्यावी हे उत्तम. ब्रिस्टलला युनिव्हर्सिटीच्या चढावर पार्किंग मिळायचं नाव नाही. श्रीकांत गाडी घेऊन फेऱ्या मारत राहिला आणि मी वर जाऊन स्लाइड्सची लाकडी पेटी घेऊन आले. अविनाशच्या सहकाऱ्याने ती टॉवेलात गुंडाळून दिली होती.

बाथवरून सॉल्सबरीकडे जाणारा रस्ता एरवी देखणा आहे. अरुंद, वळणावळणाचा, ट्रॅक्टरमागे रांगत जाणारा, दोन्हीकडे मेंढ्या. सवड असेल तर जरूर जा. मला त्या दिवशी प्रत्येक मेंढीचा राग येत होता.

हॉस्पिटलात पोचलो तेव्हा अविनाश बेशुद्ध होता. क्विनीन चालू होतं, पण किडन्यांनी काम थांबवलं होतं. लॅबवाल्यांनी मला मायक्रोस्कोप दिला. आधी अविनाशचं रक्त पाहिलं, मग चिंपांझीचं. दोन्हीकडे लाल पेशींत मलेरियाच्या जंतूंच्या तशाच नाजूक अंगठ्या. नुसत्या नजरेने कुणालाच वेगळ्या सांगता आल्या नसत्या. पण चिंपांझींचा तो जंतू माणसात सहसा रुजत नाही एवढं तेव्हाही ठाऊक होतं, आणि जंगलालगतच्या गावात माणसांचा मलेरिया घरोघरी होता.

“माणसांचाच आहे गं,” मी बाहेर येऊन वसुधाला म्हटलं. “डास गावातलाच चावला असणार.”

“पण ही वॉज सो केअरफुल! ग्लव्ह्ज, मास्क, सगळं वापरायचा.”

“आणि गोळ्या?”

“पाकीट फोडलंच नव्हतं. म्हणायचा, आम्ही चिपळूणचे, लहानपणीच हिवताप पचवलेले. गोळ्या गोऱ्यांना. मलाही ते खरंच वाटलं गं.”

लहानपणीचा ताप इतक्या वर्षांनी कामाला येत नाही, आणि तिकडचा मलेरिया तर थेट मेंदूवर जातो. हा शहाणा माणूस चिंपांझींपासून जपून राहिला आणि संध्याकाळी गावकऱ्यांच्या अंगणात उघड्या हातापायांनी गप्पा मारत बसला. मला त्याचा संताप आला. मरणाऱ्या माणसाचाही संताप येतो.

आम्ही हॉस्पिटलजवळच्या एका बी अँड बीमध्ये उतरलो. खोली स्वच्छ, मालकीणबाई मायाळू, ब्रेकफास्ट भरपूर. तो तसाच ठेवून आम्ही उठलो, कारण रविवारी सकाळी अविनाश गेला.

परतताना श्रीकांतने कुठेही न थांबता घरापर्यंत गाडी चालवली. त्याची आणि अविनाशची कॉलेजपासूनची मैत्री होती.

डिसेंबरात आम्ही मुलांना घेऊन पुण्याला निघालो. मी बेडवर बॅग भरत होते. श्रीकांतने गोळ्यांची पाकिटं उचलून पाहिली.

“एवढी कशाला आणलीस?”

“आपल्या चौघांची आहेत.”

“मुलांना दे, ती इथं जन्मलीत,” तो म्हणाला. “आपल्याला काय होतंय? आपण तिथेच वाढलोय.”

आपण काय बोललो ते त्याच्या लक्षातही आलं नाही. मी बॅग उघडीच टाकून खाली आले आणि जिन्याच्या पायरीवर बसून रडले. अविनाश गेला त्या सकाळी मला रडू आलं नव्हतं.