नाकपुडीची कड

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. अंगातून काढलेला तुकडा मला दिसतो, पेशंट दिसत नाही. अमरावतीच्या एका सर्जनकडे ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवतात, त्याची पातळ चकती रंगवून मायक्रोस्कोपखाली ठेवतात. मायक्रोस्कोपवर कॅमेरा असतो. मी अकोल्यात, जुन्या शहरातल्या माझ्या घरी, कॉम्प्युटरवर ती पाहते. कॅन्सर तुकड्याच्या कापलेल्या कडेपर्यंत पोचलाय की नाही, एवढंच सांगायचं.

त्या दिवशी वरूडकडच्या, संत्र्याची बाग असलेल्या एक बाई होत्या. नाकपुडीवरचा बरा न होणारा फोड कॅन्सरचा निघाला होता. फक्त नाक बधिर केलेलं, बाई जाग्या. हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

"खालच्या कडेला अजून आहे," मी फोनवर म्हणाले. तिकडे फोन स्पीकरवर होता.

उत्तर बाईंचंच आलं. "कोन बोलून राह्यलं? काय आहे अजून?"

"अकोल्याच्या डॉक्टर आहेत, मावशी. तुमचा तुकडा त्याच पाहतात," सर्जन म्हणाले.

"मंग बाई, मलेच सांगा न. नाक रायते का माहं?"

असं मला कधी कुणी विचारलं नव्हतं. "आणखी थोडं काढावं लागेल, मावशी. मग पाहून सांगते."

"काढा. पन नीट पाहजा."

दुसऱ्या तुकड्याची कड स्वच्छ होती, पण एका कोपऱ्यात गडद पेशींचा पुंजका होता. कॅन्सर म्हणावा, तर नाकपुडीची कड जाणार. आडवं कापलेलं केसाचं मूळही असंच दिसतं. मी तिथल्या टेक्निशियनला आणखी खोल चकत्या कापायला सांगितल्या. फोन चालूच होता.

"बाई, जेवल्या का?"

"नाही अजून."

"माह्यापायी उपाशी?"



नव्या चकतीत पुंजक्याच्या मधोमध केस दिसला. मूळच होतं.

"मावशी, सगळं निघालं. नाकपुडीची कड शाबूत आहे."

"हाव का?" एवढंच म्हणाल्या. सर्जन हळूच म्हणाले, "रडताहेत. थांबतो जरा, मग शिवतो."

दिवाळीनंतर त्या बहिणीकडे अकोल्याला आल्या, तेव्हा पत्ता विचारत माझ्या दारात उभ्या राहिल्या. मी ओळखलं नाही. बोलल्या तेव्हा कळलं. खिडकीपाशी हनुवटी वर करून त्यांनी नाक दाखवलं. गालाची कातडी ओढून शिवल्याचा व्रण होता. मी चष्मा लावून नीट पाहिलं, आणि चहा ठेवला.