आमच्या साडूंचा आडवा वारा

उभ्या सोलापुरात वाऱ्याची इतक्या आपुलकीने चौकशी करणारा माणूस आमच्या साडूंखेरीज दुसरा सापडायचा नाही. तुम्ही-आम्ही घराबाहेर पडताना किल्ली, पाकीट, मोबाइल चाचपतो. हे गृहस्थ आधी खिशातून रुमाल काढून हवेत धरतात आणि जाहीर करतात, "पश्चिमेचा हाय. आडवा." मग स्कूटरला किक. नवी पेठेत त्यांचं चादरी-टॉवेलांचं दुकान. विमानात स्वारीने अजून पाऊल ठेवलेलं नाही, पण आडव्या वाऱ्यात विमान कसं उतरवतात हे तुम्ही साधा पंचा घ्यायला गेलात तरी ऐकावं लागतं. घडी घातलेली चादर म्हणजे धावपट्टी, तळहात म्हणजे विमान. "वारा हिकडून ढकलतोय, व्हय? मग नाक वाऱ्याकडं वळवायचं. दिसतंय तिरकं, पण जातंय सरळ. टेकायच्या जरा आधी पायानं नाक सरळ करायचं, वाऱ्याकडचा पंख थोडा खाली धरायचा अन् त्याच बाजूचं चाक पहिलं टेकवायचं. धाडकन आपटायचं न्हाई!" गंमत म्हणजे गिऱ्हाईकही पंचा विसरून विचारतं, "आणि नाक सरळ करायचं राहिलं तर?" असा प्रश्न विचारणाऱ्याला चहा ठरलेला.

एकदा होटगी रस्त्यावर मागे चादरींचा हा मोठा गठ्ठा बांधून स्वारी वाऱ्याशी झुंजत चालली होती. पोलिसाने अडवून म्हटलं, "काका, सरळ चालवा की!" तर म्हणतात, "सरळच चाललोय, साहेब. नाक तेवढं तिरकं हाय."

या वेडाचं मूळ त्यांच्या लेकीत आहे. ती वैमानिक व्हायला गेली तेव्हा आडव्या वाऱ्यात तिचं विमान टेकताना सारखं उसळायचं. एके दिवशी ती फोनवर रडली, "पप्पा, मला न्हाई जमायचं, मी घरी येते." साडूंना "जेवलीस का?" याशिवाय काही सुचलं नाही, आणि हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवसापासून दुकानात बसून व्हिडिओ बघणं सुरू झालं आणि रोज बाप-लेकीच्या वाऱ्याच्या गप्पा. पोरगी शिक्षण सोडून घरी परतली नाही.

परवा ती सहवैमानिक म्हणून पहिल्यांदाच सोलापूरला विमान घेऊन येणार होती. उतरवायचंही तिनेच. आम्ही दोघं विमानतळाजवळ एका ओळखीच्या माणसाच्या गच्चीवर उभे. साडूंनी रुमाल काढला तो ताठ आडवा झाला. विमान दिसलं, खरंच तिरकं येत होतं. माझं मनगट आवळलं गेलं म्हणून बघतो तर या तज्ज्ञाने डोळे घट्ट मिटलेले!

"साडू, तुमी सांगा. नाक कुटं हाय?"

"वाऱ्याकडे."

"अजून?"

"अजून तसंच... वळलं. सरळ झालं!"

"चाक?"

"वाऱ्याकडचं आधी टेकलं. आता दुसरं. अहो, उतरली पोरगी!"

थोड्या वेळाने लेकीचा फोन आला, "पप्पा, बघितलं का?"

"बघितलं की!" त्याच रुमालाने डोळे पुसत ते म्हणाले. "वाऱ्याकडचं चाक पहिलं. लई झाक!"

इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो त्यांनी पाहिलाच नाही, आयता माझ्या पदरात पडला. मला अजून त्याची चुटपुट लागते. हल्ली दुकानात चादरीवरून तळहात उतरवत ते तो प्रसंग सांगतात आणि शेवटी हळूच माझ्याकडे बघून विचारतात, "असंच झालं न्हवं, साडू?"

मी म्हणतो, "अगदी असंच."