वरच्या दालनातली हिरवी शाल

आमच्या नाटक कंपनीत कपडेपट सांभाळायला एक माणूस होता. त्याला सगळे टाचणी म्हणायचे, कारण त्याच्या ओठांत कायम दोन-तीन टाचण्या असत आणि तो त्यांच्यासकट बोलायचा. बावीस वर्षं त्याने मला नटवलं. टाळ्या माझ्या वाट्याला यायच्या. त्याच्या वाट्याला माझा घाम आणि माझी चिडचिड. कंपनी बंद पडली. मी घरी बसले, तो गावच्या इतिहास संग्रहालयात पहारेकरी झाला.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. "बाई, लवकर या. इथे भूत आहे."

"मग मला कशाला बोलावतोस? मी काय भुताची मावशी?"

"चेष्टा नको. महिनाअखेरीला वरचं दालन बंद करणार आहेत. दालन गेलं की माझी नोकरी गेली. आणि घरी बसलो की मी संपलोच."

मी गेले. खाली जुनी कुलपं, वजनं, नकाशे. वर एका व्यापाऱ्याची बैठक मांडलेली: खुर्चीत व्यापारी, शेजारी त्याची तरुण बायको, खिडकीपाशी म्हातारी आई. तिघेही मेणाचे पुतळे. बायकोच्या खांद्यावर हिरवी शाल.

"रोज दुपारी ती शाल म्हातारीच्या खांद्यावर जाते," संग्रहालयाच्या अधिकारी बाई म्हणाल्या. "सकाळी मी परत आणून ठेवते. परवा एक पाहुण्या बाई चक्कर येऊन पडल्या. माझा विश्वास नाही हो असल्या गोष्टींवर. पण मी आता एकटी वर येत नाही."

"आणि हा कुठे असतो तेव्हा?"

"काका? दारातच. सगळ्यांत आधी तेच तर ओरडतात!"

त्या खाली गेल्या. मी बाकावर बसले. रंगभूमीवर मी तीनदा भूत झाले आहे, लोकांना घाबरवलं आहे; पण त्या मेणाच्या म्हातारीकडे पाहून मीच बाकाच्या टोकाला सरकले. साडेतीनला शेजारच्या शाळेची घंटा झाली. एक. दोन. तीन.

तिसरी घंटा! माझी पाठ आपोआप ताठ झाली. आता पडदा उघडणार म्हणून मी पदर सारखा केला. तेवढ्यात दारातला टाचणी चवड्यांवर चालत दोरी ओलांडून आत गेला. कॉलरच्या पट्टीतून टाचण्या काढून त्याने ओठांत धरल्या, तरुण बायकोची शाल उतरवली, म्हातारीच्या खांद्यावर टाकली, चुणी बसवली, टाचली आणि परत दारात येऊन उभा राहिला.

मग त्याच्या पापण्या फडफडल्या. "बाई! बघा! गेली शाल!"

हा सोंग करतोय म्हणावं, तर याला सोंग कधी जमलंच नाही. एकदा नोकराच्या भूमिकेत उभा केला, तर प्रेक्षकांकडे पाठ करून भर प्रवेशात माझ्या साडीचा काठ सारखा करत बसला होता! आणि मग आठवलं. आमच्या सगळ्यांत जास्त चाललेल्या नाटकात पहिल्या अंकात मी तरुण, दुसऱ्या अंकात म्हातारी. मध्यंतरानंतर तिसरी घंटा झाली की विंगेत तो माझ्या खांद्यावर शाल टाकायचा.

"अरे, तूच केलंस."

"मी? मी इथून हललो नाही!"

"मग तोंडात काय आहे तुझ्या?"

त्याने ओठांतून टाचणी काढली. ती उलटसुलट करून पाहिली. "किती वेळ लागला मला?"

"दीडेक मिनिट."

"एवढा? चाळीस सेकंदांत व्हायचं, बाई." तो बाकावर बसला. "आता मॅडमना काय सांगू? भूत आहे म्हटलं तर दालन बंद. मी केलं म्हटलं तर मी लबाड ठरतो. आणि मी तर केलेलं नाही. म्हणजे... केलंय."

जिन्यावर पावलं वाजली. मी काहीतरी थाप मारायला तोंड उघडलं, पण तो आधीच उठला होता. "मॅडम, ते भूत मीच आहे."

अधिकारी बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली आणि सगळं सांगितलं. त्या आमच्या शेजारी बाकावर टेकल्या. हसू की रागावू, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"काका, तुम्हाला खरंच कळत नाही?"

"आईशप्पथ."

"उद्यापासून सव्वातीनला खाली यायचं. माझ्याबरोबर चहा. आठ दिवस शाल हलली नाही, तर दालन बंद करू नका असं मी वरिष्ठांना लिहून कळवते."

मी सुटकेचा निःश्वास टाकला. टाचणी मात्र खिडकीपाशच्या म्हातारीकडे बघत होता.

"पण मॅडम," तो म्हणाला, "घंटा झाल्यावर म्हातारीला शाल कोण देणार?"