तनवीर मणियारचं बिनदुधाचं दूध

जळगावहून धुळ्याला जाताना एरंडोल, पारोळा आणि वाट वाकडी करून अमळनेर, एवढ्या टापूत तनवीर मणियारला ओळखत नाही असं किराणा दुकान शोधावं लागलं असतं. बावीस वर्षं तो या लाइनवर माल विकत होता. बिस्किटं विकली, साबण विकला, चहापत्ती विकली, मधली दोन वर्षं डासांच्या अगरबत्त्याही विकल्या. वडील कादरभाई बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव फिरायचे. फिरणं पोराच्याही नशिबी आलं, पण पोराकडे मोटरसायकल होती.

माणूस सरळ. ज्या दुकानात माल उठणार नाही तिथे तो स्वतःच सांगायचा, "शेठ, हे नका घेऊ, पडून राहील." त्यामुळे तो जे घ्या म्हणेल ते लोक डोळे मिटून घेत.

त्याला त्रास एकच, पोटाचा. दुकान म्हटलं की चहा आला आणि दुकानदाराने मागवलेला चहा नाकारणं म्हणजे त्याच्या घरी जाऊन उंबऱ्यावरून परत फिरणं. दिवसाकाठी दहा-बारा चहा व्हायचे. पारोळा येईस्तोवर पोट तट्ट फुगायचं, कळा यायच्या आणि मग धावपळ. रस्त्यावरच्या कोणत्या पेट्रोल पंपाचा संडास स्वच्छ आणि कोणत्याला कडी नाही, हे तनवीरला तोंडपाठ होतं. डॉक्टरांनी पित्त म्हटलं, बाहेरचं खाणं बंद करा म्हटलं. त्याने वडे-भजी सोडली, मिरची सोडली, एक वर्ष मटणही सोडून पाहिलं. चहाचं मात्र त्याने डॉक्टरला कधी सांगितलंच नाही. चहा हे काही खाणं नव्हे, अशी त्याची समजूत.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या एजन्सीच्या मालकाने एका नव्या कंपनीचं काम घेतलं. सोयाबीनचं दूध, ओट्सचं दूध, बदामाचं दूध, नारळाचं दही, काजूचं चीज आणि सोयाबीनचेच कबाब. सगळं डब्या-पाकिटांत तयार. पुण्याहून आलेल्या साहेबाने जळगावच्या एका हॉटेलात तासभर समजावलं, "व्हेगन म्हणजे जनावराकडून आलेलं काहीच नाही. मांस नाही, अंडं नाही, दूध-तूप नाही, मधसुद्धा नाही."

ज्याच्या घरी दर शुक्रवारी मटण शिजतं त्या तनवीरने हे सगळं वहीत उतरवून घेतलं आणि सोमवारी लाइनवर निघाला.

धुळ्याच्या पाचव्या गल्लीत जवरीलाल शेठचं दुकान. शेठचे आजोबा राजस्थानातून आलेले. दुकान पुढे, घर मागे, मध्ये एक पडदा. शेठने डबा हातात घेऊन चष्मा कपाळावर सरकवला.

"हिरवा ठिपका असतो तेच ना हे?"

"नाही शेठ. हिरव्या ठिपक्यात दूध चालतं. याची खूण वेगळी. हे बघा, व्ही आणि वर पान."

"म्हणजे आमच्याहूनही शाकाहारी!" शेठ हसले. मग त्यांचं लक्ष कबाबच्या पाकिटाकडे गेलं. त्यावर मोठ्या अक्षरात 'चिकनची चव' असं छापलेलं. ते त्यांनी दोन बोटांनी बाजूला सारलं. "आत काय आहे ते तू सांगतोस म्हणून मला पटलं. पण गिऱ्हाईक बाहेरचं वाचणार. हे माझ्या काउंटरवर नको."

"बरं, दूध तरी ठेवा. चौमासात तुमच्याकडे काही बायका दूध-दही सोडतात ना? त्यांना चालेल."

पडद्यामागून हीराबाई, शेठच्या बायको, बोलल्या. "भाऊ, सोडायचं ते जिभेला लगाम बसावा म्हणून. तीच चव दुसऱ्या डब्यातून आणली तर सोडलं काय?"

शेठने जुन्या ओळखीखातर सोयाबीन दुधाचे सहा डबे घेतले आणि वरच्या फळीवर ठेवून दिले.

अमळनेरला उमरच्या दुकानात उलटीच तऱ्हा. त्याने कबाबचं पाकीट फिरवून फिरवून पाहिलं. "तनवीरभाई, गल्लीच्या तोंडाला खरा कबाब मिळतो. सोयाबीनचा कोण खाणार?" एका दुकानात पाकीट फारच मांसाहारी ठरलं होतं, दुसऱ्यात पुरेसं मांसाहारी नव्हतं. तीन महिन्यांत निम्मा माल एक्सपायरीला टेकला. पुण्याचे साहेब फोनवर विचारायचे, "तुम्ही स्वतः खाऊन बघितलंत का? खाल्ल्याशिवाय विकता येत नाही." एजन्सीच्या मालकाने मुदत संपत आलेली खोकी तनवीरच्या जळगावातल्या मेहरूण भागातल्या घरी उतरवली. फेकण्यापेक्षा खा म्हणाला.

मग नाजमीनचा, म्हणजे तनवीरच्या बायकोचा, खरा कस लागला. काजूचं चीज तिने गरम भाकरीवर ठेवलं. ते वितळेना. तवा झाकून ठेवला, तरी वितळेना. नुसताच एक कोपरा तुकतुकीत झाला. कबाब तळले, तेव्हा कॉलेजात जाणारी मुलगी मिसबाह म्हणाली, "अम्मी, यापेक्षा वांग्याचं भरीत कर ना." नारळाच्या दह्याला डोक्याच्या तेलाचा वास येतो, असं घरात एकमताने ठरलं.

"अजी, एक सांगू?" नाजमीन म्हणाली. "भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा, उडदाची डाळ. यात कुठे आलं दूध? इथल्या लोकांना तुम्ही आहे तेच परत विकताय."

"मग चहात काय घालतात लोक?"

"तेवढंच एक खरं," ती म्हणाली.

पण चहाचंही सोपं नव्हतं. सोयाबीनचं दूध उकळत्या चहात घातलं की फाटायचं, वर पांढरे कण तरंगायचे. तीन भांडी मोरीत ओतल्यावर नाजमीनने युक्ती काढली. चहा आधी पाण्यात उकळून, गाळून, जरा निववायचा आणि मग दूध कोमट करून वरून सोडायचं. आलं कमी, नाहीतर पुन्हा फाटतं. ओट्सचं दूध तेवढं नखरेल नव्हतं, त्याचा चहा दाट व्हायचा. बदामाचं दूध पातळ आणि आधीच गोड.

एवढ्यात एरंडोलच्या पुढे खडीवरून तनवीरची मोटरसायकल घसरली आणि उजवा पाय घोट्यात मोडला. प्लास्टर लागलं. महिनाभर घरात. उशाशी खोकी, दिवसातून चार वेळा त्या खोक्यांतल्या दुधाचा चहा, कारण घरातलं बाकी कोणी त्याला हात लावत नव्हतं आणि तनवीरला अन्न टाकलेलं बघवत नसे.

दहाव्या-बाराव्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं की पोट गप्प आहे. गोळी नाही, ओवा नाही. त्याला वाटलं, आराम मिळालाय म्हणून असेल. नाजमीनला वाटलं, बाहेरचं पाणी सुटलं म्हणून.

प्लास्टर निघाल्यावर पहिल्याच दिवशी एरंडोलला दोन दुकानांत दोन चहा झाले, पुढे रस्त्यात एक. पारोळ्याला गाडी थेट पेट्रोल पंपात घालावी लागली. भिंतीला टेकून उभा राहिला आणि त्याला लख्ख उमगलं. तरीही त्याने घाई केली नाही. दुसऱ्या दिवशी मुद्दाम घरी बसून, बाकी काही न खाता, एक पेला म्हशीचं दूध प्यायला. तासाभरात निकाल हाती आला. डॉक्टरकडे गेला, तर ते म्हणाले, "दूध पचत नाही तुम्हाला. खूप जणांना पचत नाही. आधी का नाही सांगितलंत, बारा चहा पिता म्हणून?"

तनवीरला राग आला तो स्वतःचाच. बावीस वर्षं पोट बोंबलत होतं आणि तो मिरचीवर आळ घेत होता.

आता पंचाईत होती दुकानांची. पुढच्या फेरीला जवरीलाल शेठकडे चहा आला तेव्हा तनवीरने कप मागे सरकवला. शेठचा चेहरा पडला.

"काय झालं? काही चुकलं का आमचं?"

"नाही हो शेठ. दूध सोसत नाही मला. कोरा असेल तर घेतो." आणि मग त्याने सगळं सांगितलं. पाय मोडला, खोकी उशाशी, पोट गप्प, पारोळ्याचा पंप, म्हशीचं दूध. विकायच्या बेताने नाही. मनात साठलं होतं, ते बाहेर पडलं.

पडदा हलला. हीराबाई बाहेर आल्या. एरवी त्या गिऱ्हाइकांसमोर येत नसत.

"पोट फुगून दगड होतं का? आणि आत गुरगुरतं?"

"हो, मामी."

"मला लग्न झाल्यापासून होतंय," हीराबाई म्हणाल्या.

शेठ बायकोकडे बघतच राहिले. "चाळीस वर्षं? आणि बोलली नाहीस?"

"सासूबाई म्हणायच्या, दूध-तुपाच्या घरात आलीस, अंगाला लागायला वेळ लागेल. मग त्या गेल्या. नंतर विचारलं कोणी?"

दुकानात मीठ घ्यायला आलेलं गिऱ्हाईक उगाचच मिठाच्या पुड्या चाचपत उभं राहिलं. शेठ उठले, स्टुलावर चढले आणि वरच्या फळीवरचा एक डबा काढून फडक्याने पुसला. तारीख बघितली. मुदतीला अजून दोन महिने होते. तो त्यांनी बायकोच्या हातात दिला.

तनवीरने नाजमीनला फोन लावला आणि तो हीराबाईंकडे दिला. दोघी बायका पाव तास बोलल्या, दूध कधी सोडायचं, किती निववायचं. हीराबाईंना सोयाबीनचा वास आवडला नाही. "कच्चे चणे भिजवल्यासारखा येतो," म्हणाल्या. पुढच्या खेपेला तनवीरने ओट्सचा डबा नेला. तो त्यांना रुचला. महिन्याने त्यांनी सांगितलं, की आता दुपारी झोपून उठल्यावर अंग जड वाटत नाही. नारळाच्या दह्याची कढी मात्र त्यांनी एकदाच केली. "केसांना लावून टाका," असा शेरा मारून उरलेलं दही त्यांनी शेठपुढे ठेवलं. शेठने ते निमूटपणे साखर घालून खाल्लं. चांगलं लागतं म्हणाले. खरंच लागलं की चाळीस वर्षांची भरपाई होती, ते त्यांनाच ठाऊक.

तिथून तनवीरची बोलायची रीत बदलली. साहेबाने शिकवलेलं त्याने वहीतच ठेवलं. दुकानात कोणी पोट धरून बसलं, कोणी ओव्याची पुडी मागितली, की तो विचारायचा, "दूध पिता का? आठ दिवस सोडून बघा. बरं वाटलं तर हा डबा, नाही वाटलं तर डॉक्टर गाठा." डबा घ्याच असं कोणाला म्हणायचा नाही. हळूहळू बोलबाला झाला. पारोळ्याजवळच्या एका खेड्यातली कुंदाबाई नावाची बाई त्याची गाडी ओळखून रस्त्यावर आडवी आली आणि अहिराणीत विचारू लागली.

"भाऊ, ते पोटनं दूध तुन्हाकडे शे का?"

"शे ना, अक्का. कोनले पाहिजे?"

"मालेच. चहा पिधा का बठ्ठा दिवस पोट दुखस."

तनवीरने तिला डबा दिला आणि चहा कसा करायचा ते दोनदा सांगितलं. पंधरा दिवसांनी ती पुन्हा तिथेच उभी होती, रिकामा डबा धुऊन हातात घेऊन. बाटलीसारखा तो परत द्यावा लागतो, असं तिला वाटलं होतं.

असे नियमाने घेणारे अकरा जण झाले. तनवीरला हा आकडा मोठा वाटला. पुण्याला तो वाटला नाही. दिवाळीनंतर साहेबांचा फोन आला, की कंपनी खानदेशातून माल उचलतेय, इथे मार्केट नाही.

"साहेब, अकरा जण आहेत माझे."

"अकरा दुकानं?"

"अकरा माणसं."

पलीकडून हसू ऐकू आलं. वाईट हेतूचं नव्हतं, पण हसूच. "मणियार, एका बसमध्ये याहून जास्त माणसं असतात," साहेब म्हणाले.

तनवीर दोन दिवस चौकशी करत फिरला. मग त्याने नाशिकच्या एका घाऊक दुकानाचा नंबर मिळवला, एजन्सीच्या मालकाची परवानगी काढली आणि बिस्किटांच्या मालासोबत महिन्याला दोन खोकी ओट्सच्या दुधाची मागवायला सुरुवात केली. चीज नको, कबाब नको, नारळाचं दही तर नकोच. नाजमीनने विचारलं, "यात आपल्याला सुटतं काय?" तो म्हणाला, "फार काही नाही. पण आता हे बंद केलं तर मी त्या कुंदाअक्काला काय सांगू? पोट दुखू दे?" त्यावर तिने पुन्हा विचारलं नाही. उलट मिसबाहकडून चहाची कृती मराठीत लिहून घेतली आणि तिच्या झेरॉक्स काढून प्रत्येक डब्याला एक एक रबराने लावली.

गेल्या महिन्यात हीराबाईंनी त्याला एक पत्ता दिला. त्यांची धाकटी बहीण रूपा बोदवडला असते, तिलाही तसंच होतं म्हणे. बोदवड तनवीरच्या लाइनवर नाही, उलट्या दिशेला आहे. तरी एका सुट्टीच्या दिवशी तो चार डबे पिशवीत घालून सकाळच्या गाडीने गेला. रूपाबाईंनी त्याला ओट्यावर बसवलं, चिठ्ठी वाचत वाचत त्याच्यादेखतच चहा केला, आधी स्वतः एक घोट घेतला आणि मग त्याच्यापुढेही कप ठेवला.

"कसा आहे, मावशी?" तनवीरने विचारलं.

"चहा आहे," त्या म्हणाल्या. "फक्त साखर थोडी आणखी लागेल." आणि डबा उचलून त्यांनी साखरेच्या बरणीशेजारी नीट ठेवला.