जावयाचं सील

भिंगकाकांचं खरं नाव बंदरातल्या यार्डाच्या पगारपत्रकाखेरीज कुठेच उरलं नव्हतं. खिशात सदैव भिंग, म्हणून भिंगकाका. बावीस वर्षं गेटवर त्यांचं एकच काम होतं: कारखान्यातून सीलबंद होऊन आलेला कंटेनर जहाजाकडे सोडण्याआधी वाटेत त्याच्या दाराला कुणी हात तर लावला नाही ना, हे बघणं. सीलचा नंबर कागदाशी जुळला की इतरांचं समाधान व्हायचं. काकांचं नाही. ते सील ओढून बघत, पिळून बघत, आणि मग दाराच्या कडीचे रिव्हेट, म्हणजे ती ठोकून बसवणारे खिळे, नखानं खरवडत. कारण हुशार चोर सीलला शिवतच नाही. तो कडीचा रिव्हेट काढतो, दार उघडतो, माल उतरवतो आणि नवा रिव्हेट ठोकून वर रंग फासतो. सील आपलं साळसूदपणे जागच्या जागी लटकत राहतं.

ही सवय घरीही सुटत नसे. बाटलीचं झाकण सैल लागलं तरी उलटतपासणी व्हायची. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण मी तीच का याची यांना अजून खात्री नाही, असं बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

त्या आठवड्यात मात्र संशय त्यांच्यावरच आला. त्यांनी सोडलेले तीन कंटेनर पलीकडच्या बंदरात अर्धे रिकामे निघाले. सीलं शाबूत, नंबर बरोबर, कागदावर सही काकांची. यार्डाच्या साहेबांनी आवाज न चढवता सांगितलं, की सोमवारपर्यंत उलगडा झाला नाही तर तुम्हीच सामील आहात असं धरावं लागेल. फाटक उघडणारा माणूस हल्ली जरा जास्तच हसतो, असं काकांना वाटू लागलं. चहावाला नेमका गाड्यांच्या मागच्या बाजूलाच का घुटमळतो, हेही कळेना. आपल्याच जागेवर बसून ते साऱ्या यार्डाकडे तिरक्या नजरेनं बघत राहिले.

शेवटी त्यांनी रजिस्टर काढून त्या तीन कंटेनरांच्या गाड्या शोधल्या. तिन्ही वेळा गाडी एकच होती, आणि ती चालवत होता त्यांचा जावई.

जावयाचं सील काकांनी कधीच ओढून बघितलं नव्हतं. चारचौघांत जावयाच्या गाडीला नखं लावायची म्हणजे तोंडावर त्याला चोर म्हणण्यासारखं. म्हणून ते दुरूनच नंबर वाचत, जेवलात का विचारत आणि फाटक उघडायला सांगत.

दुसऱ्या दिवशी दुपारी जावयाची गाडी आली. काका तिच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"जावईबापू, खाली उतरा."

गेटवरची माणसं बघायला लागली. काकांनी सील ओढलं. पक्कं होतं. मग त्यांनी कडीचा रिव्हेट खरवडला, आणि नखात ओला रंग आला.

जावयाचा चेहरा पडला. "मामा, माझ्यावर संशय घेता?"

काकांनी रंग लागलेलं नख त्याच्यापुढे धरलं. मग त्यानंच सांगितलं. रस्त्यात ज्या ढाब्यावर जेवायला थांबे, तिथे गाडी तशीच सोडून तो तासभर आडवा होत असे. तिथल्या मंडळींत त्यानं मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, की सासऱ्यांच्या गेटवर आपली गाडी कुणी तपासत नाही.

"मला वाटायचं, तुम्ही मला मान देताय," तो हळूच म्हणाला.

काकांनी कंटेनर अडवला, रजिस्टर उघडलं, आणि त्या तीन जुन्या नोंदींपुढे स्वतःच्या हातानं लिहिलं: सील ओढून पाहिले नाही, रिव्हेट तपासला नाही. खाली सही केली. आता आपली गेटवरची जागा जाणार, हे त्यांना ठाऊक होतं.

"विश्वास आहे ना, मामा?"

लेकीसाठी तरी हो म्हणावं, असं काकांना मनापासून वाटत होतं. पण त्यांनी भिंग काढलं, जावयाचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि एकेक नख बघितलं. रंगाचा कणही नव्हता. काकांना हायसं वाटलं. आणि मग, दिवसभर गाडी हाकणाऱ्या माणसाची नखं इतकी स्वच्छ कशी, असं मनात आलं.