कॅमेरा, ट्रायपॉड आणि मोहन

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. चार मराठी माणसं एका कामाला लागली की ते फ्रिजमागच्या धुळीसारखे आपोआप साठतात आणि घर बदलायच्या वेळी एकदम दिसतात. मी सौदीतलं खोबर सोडून पुण्यात आलो, तेव्हा माझ्याकडे सामान बेताचंच होतं, पण किस्से भरपूर होते.

आम्ही तिथे एक टीव्ही कार्यक्रम करायचो. हे सांगितलं की लोक आधी माझ्या पोटाकडे बघतात. मी पडद्यावर नव्हतो, कॅमेऱ्यामागे होतो, हा खुलासा मग करावा लागतो. आमच्या कंपाउंडमध्ये, म्हणजे परदेशी नोकरदारांच्या वसाहतीत, अंतर्गत केबल चॅनेल होतं. त्यावर पोहण्याच्या तलावाच्या वेळा आणि जुने सिनेमे दाखवत. गुरुवारी संध्याकाळचा अर्धा तास आम्ही मागून घेतला आणि 'घटकाभर बसा' नावाचा गप्पांचा कार्यक्रम सुरू केला. पाहुणा मराठी, गप्पा मराठीत. त्याच्या सीडी दम्माम, जुबेल, रियाधपर्यंत फिरायच्या.

मुलाखती घ्यायच्या सुलभावहिनी. कोल्हापूरला त्या रेडिओवर निवेदन करायच्या. नवऱ्याला खोबरला नोकरी लागली, तेव्हा त्यांनी रेडिओ सोडला. तिथल्या त्यांच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, स्पष्ट छापलेलं होतं: काम करण्याची परवानगी नाही. पहिली दोन वर्षं वहिनींनी स्वयंपाक केला आणि भिंतींशी भांडण केलं, असं त्या स्वतःच सांगत. कार्यक्रम सुरू झाला आणि त्या पुन्हा माणसात आल्या. पगार नव्हताच, त्यामुळे परवान्याचा प्रश्नही नव्हता. आम्हा सगळ्यांना तो विरंगुळा होता. वहिनींचं तसं नव्हतं, आणि हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं.

*

त्यांचा नवरा मोहन माझा मित्र. पाइपलाइनला गंज लागू नये हे बघणारा इंजिनियर. बोलणं कमी. पाइप उलट बोलत नाहीत, म्हणून तो या धंद्यात गेला असं माझं मत आहे.

बायकांना तिथे गाडी चालवता येत नव्हती, आणि परक्या पुरुषांच्या गाडीत एकटीने बसणंही बरं नव्हे. त्यामुळे रेकॉर्डिंग म्हटलं की मोहन हवाच. निघताना वहिनी सामान मोजायच्या, "कॅमेरा, ट्रायपॉड, माइक, मोहन." तो वहिनींना सोडायचा आणि बाहेर गाडीतच एसी लावून पेपर वाचत बसायचा. कार्यक्रम कसा झाला, हे त्याने कधी विचारलं नाही.

एकदा आम्हाला हौस आली की मुलाखत समुद्रकाठी, कॉर्निशवर घ्यावी. मागे निळं पाणी, पुढे पाहुणा. कॅमेरा लावतोय न लावतोय तोच पोलिसांची गाडी थांबली. एक बाई, तीन पुरुष आणि ट्रायपॉड. हवालदाराने अरबीत विचारलं, "या बाईंचा नवरा कोणता?"

आम्ही तिघे एकमेकांकडे बघायला लागलो. मोहन शोरमा आणायला गेला होता! ती पाच मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. शेवटी तो दोन्ही हातांत पुड्या घेऊन आला. हवालदाराने त्याला नखशिखान्त न्याहाळून विचारलं, "या कार्यक्रमात तुझं काम काय?"

मोहनने शांतपणे उत्तर दिलं, "सव्वाक." म्हणजे ड्रायव्हर.

हवालदार हसला. एक शोरमा त्याने घेतला, कॅमेरा बॅगेत घालायला लावला आणि म्हणाला, "खलास. यल्ला." म्हणजे झालं, चला. आम्ही निघालो. समुद्र आम्ही पुन्हा कधी दाखवला नाही.

*

त्यानंतर आमचा स्टुडिओ म्हणजे इब्राहिमभाईंचं फर्निचरचं दुकान. इब्राहिमभाई रत्नागिरीकडचे. शुक्रवारी सकाळी दुकान बंद असायचं, तेव्हा शटर अर्धं खाली ओढून आम्ही आत रेकॉर्डिंग करायचो. सोफ्यांची टंचाई नव्हती.

दम्मामच्या एका हृदयरोगतज्ज्ञांची मुलाखत रंगात आली होती. एवढ्यात शटरखालून एक सौदी गृहस्थ वाकून आत आले, डॉक्टर बसले होते त्या मरून रंगाच्या सोफ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, हाच पाहिजे, आजच. इब्राहिमभाईंनी डॉक्टरांना हात धरून उठवलं. दोन माणसांनी सोफा उचलला आणि नेला. वहिनींचा प्रश्न अर्धा राहिला होता.

मी चिडलो, तर इब्राहिमभाई म्हणाले, "गिऱ्हाईक दारात आलाय नि मी काय त्याला सांगू, सोफ्यावर डॉक्टर बसलाय म्हणून?"

बाकीची मुलाखत निळ्या सोफ्यावर झाली. कार्यक्रमात डॉक्टर "रोज अर्धा तास" एवढं मरून सोफ्यावर बोलतात आणि "चालायला हवं" निळ्यावर. प्रसारणानंतर वहिनींना भरपूर फोन आले. हृदयाबद्दल एकाचाही नव्हता. सगळ्यांना निळ्या सोफ्याची किंमत हवी होती.

*

मुलांचा भाग आम्ही एकदाच केला.

वहिनींनी सात वर्षांच्या एका मुलाला विचारलं, "बाळ, तुझं गाव कुठलं?"

"खोबर."

"ते रे आत्ताचं. मूळ गाव?"

मुलाने बराच विचार केला आणि म्हणाला, "बिल्डिंग फोर, आंटी."

कॅमेऱ्यामागून त्याची आई दबक्या आवाजात "सातारा सांग, सातारा" म्हणत होती, तेही रेकॉर्ड झालं. मुलाने वळून तिलाच विचारलं, "मम्मी, वो क्या है?" साताऱ्याच्या आजोबांपर्यंत ती सीडी पोचू नये म्हणून त्या माउलीने पुढे बरेच प्रयत्न केले. पोचलीच.

*

सीडी भारतात जातात, हे पाहुण्यांना ठाऊक असायचं. तीच खरी अडचण होती. वहिनी विचारायच्या एक, आणि पाहुणा कॅमेऱ्यात बघून आईला उत्तर द्यायचा.

रियाधच्या ओलाया भागात एका बँकेत काम करणारा कुलकर्णी म्हणून एक मुलगा चार तास गाडी चालवून आला. वहिनींनी विचारलं, "बँकेच्या कॉम्प्युटरची सुरक्षा तुमच्याकडे असते. ते नेमकं काय काम?" तो कॅमेऱ्याकडे वळला. "वेळेवर जेवतो. बाहेरचं खात नाही. वजन जरा वाढलंय, पण ते शर्टमुळे दिसतंय."

ती सीडी आईने नाशिकला एका मुलीच्या घरी पाठवली. मुलीच्या वडिलांनी थेट वहिनींना फोन लावला. "मुलगा चांगला वाटतो. पण तो सारखा पाय का हलवतो?"

वहिनींनी सांगितलं, "एसी फार होता हो."

लग्न झालं. त्यानंतर रियाधच्या यच्चयावत अविवाहित मुलांना आमच्या कार्यक्रमात आपले विचार मांडायची तळमळ लागली. वहिनी प्रत्येकाला आधीच बजावायच्या, "पाय हलवायचा नाही."

*

कार्यक्रम दाखवण्याआधी कंपाउंडचा मॅनेजर तो पूर्ण बघायचा. गृहस्थ लेबनॉनचे. मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं, पण नियम म्हणजे नियम. शनिवारी टेप हातात पडली नाही, तर अर्धा तास दुसऱ्या कुणाला तरी देईन, हे त्यांनी पहिल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. मल्याळी मंडळी टपलेलीच होती.

एका शनिवारी त्यांनी मला बोलावून विचारलं, "या भागात मधेच बाई गप्प का झाल्यात? काही आक्षेपार्ह आहे का?"

मी म्हटलं, "नाही, पाहुणे त्यांच्या नवऱ्याचे साहेब आहेत."

"मग बरोबर," ते म्हणाले आणि सही केली.

पण खरं कारण वेगळं होतं. देसाईसाहेब गप्पांच्या भरात बोलून गेले होते, "सुलभाताई, मोहनला आम्ही रियाधला मोठ्या हुद्द्याची जागा देतोय. तिकडे गेल्यावर तिथेही असाच कार्यक्रम सुरू करा." वहिनींना हे तिथे, सोफ्यावर, कॅमेऱ्यासमोर कळलं. रियाधला ना असं चॅनेल मिळणार होतं, ना इब्राहिमभाईंचं दुकान. पुन्हा स्वयंपाक आणि भिंती. वहिनींनी पाण्याचा एक घोट घेतला आणि पुढचा प्रश्न विचारला, "आपल्याला लहानपणी कोण व्हावंसं वाटायचं?"

साहेबांना पायलट व्हायचं होतं.

*

त्यानंतरचे दोन आठवडे मोहन काही बोलला नाही आणि वहिनींनी काही विचारलं नाही. हे मला दोघांनीही वेगवेगळं सांगितलं. "तो सांगेल तेव्हा सांगेल," असं वहिनी म्हणत होत्या. मी मोहनला खोदून विचारलं, तर त्याने मला गंजाचे प्रकार समजावून सांगितले. रियाधला त्याने हो की नाही, ते शनिवारी सकाळी कळवायचं होतं.

आदल्या दिवशी, शुक्रवारी, आमचं रेकॉर्डिंग. पाहुणे होते रास तनुराच्या रिफायनरीतले एक इंजिनियर. वहिनी तयार, दिवे लागलेले, आणि पाहुण्यांचा फोन आला की प्लँटमध्ये काहीतरी बिघडलंय, येता येत नाही. दुसरा पाहुणा कुठून आणायचा? टेप तर दुसऱ्या दिवशी हवी. इब्राहिमभाईंना बसवावं, तर ते तीनदा येऊन गेले होते.

इब्राहिमभाईच म्हणाले, "बाहेर गाडीत एक माणूस फुकट बसलाय. त्याला आणू?"

मोहनला आम्ही पेपरसकट आत आणला. तो नको नको म्हणत होता. वहिनी त्याच्याकडे न बघता पदर नीट करत म्हणाल्या, "बसा. पाय हलवू नका."

मी कॅमेरा सुरू केला. वहिनींनी नेहमीसारखं नमस्कार म्हणून पाहुण्यांची ओळख करून दिली. नवऱ्याला त्यांनी 'आपण' म्हटलं तेव्हा इब्राहिमभाई खोकल्याचं निमित्त करून मागे गेले.

"आपण खोबरला कधी आलात?"

"तुम्हाला माहितीय की."

"प्रेक्षकांना माहिती नाही."

मग त्याने सांगितलं. पाइपांबद्दलही सांगितलं, आणि आश्चर्य म्हणजे चांगलं सांगितलं. वाळवंटात मैलोन्‌मैल गेलेली नळी आतून कुठे गंजायला लागलीय हे बाहेरून कसं ओळखायचं, ते त्याने हात हलवून दाखवलं. वहिनी पुढे सरकून ऐकत होत्या.

"इतकं छान सांगताय. घरी बोलता का हे कधी?"

"घरी कुणी विचारत नाही."

हातातले प्रश्न वहिनींनी बाजूला ठेवले.

"असं ऐकलंय, की आपल्याला रियाधला मोठी जागा मिळतेय."

"हो."

"जाणार?"

मी खरं तर कॅमेरा बंद करायला हवा होता. पण पाहुणा अडकला की चेहरा जवळून घ्यायचा, हे मला वहिनींनीच शिकवलं होतं. मी मोहनचा चेहरा जवळ घेतला.

"ते आमच्या मिसेसना विचारायला हवं," मोहन म्हणाला.

"मग विचारलंत?"

"नाही."

"का?"

मोहनने पेपरची घडी केली, पुन्हा उलगडली. "भीती वाटते."

"त्या नाही म्हणतील याची?"

"नाही हो. त्या हो म्हणतील. इथे यायच्या वेळीसुद्धा लगेच हो म्हणाल्या होत्या." मग तो वहिनींकडे न बघता सरळ माझ्या कॅमेऱ्यात बघून म्हणाला, "म्हणून या वेळी विचारणारच नाही. उद्या नाही म्हणून कळवतोय."

वहिनींनी पाण्याचा ग्लास उचलला, ठेवला आणि कॅमेऱ्याकडे वळून अगदी रेडिओवरच्या आवाजात म्हणाल्या,

"प्रेक्षकहो, आपण एक छोटासा ब्रेक घेऊ या."

आमच्या कार्यक्रमात ब्रेक कधीच नसायचा.